स्ट्रॉबेरीसाठी भांड्याची निवड

शालेय परसबागेत मेथी, पालक, वांगी यांच्या जोडीला एखादे फळ असावे अशी मुलांची इच्छा असते. अशा वेळी स्ट्रॉबेरीचे नाव हटकून निघते. हे रोप शिरूर व दौंड तालुक्यांत लावता येईल काय, आणि लावावयाचे तर कशात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाबळेश्वर व पाचगणी हा स्ट्रॉबेरीचा प्रसिद्ध प्रदेश होय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून नावारूपास आलेले भिलार हेही याच फळाचे गाव. तेथील हवा थंड, आणि तांबड्या जमिनीत पाणी साचून राहात नाही. आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील. ऊन कडक, हवा कोरडी, आणि नदीकाठची जमीन काळी व चिकण. अशा जमिनीत हे रोप सहसा तग धरीत नाही. मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत भांड्यात ते वाढविता येते. कारण भांड्यातील माती आपण स्वतः तयार करतो. सबब रोपाचे यशापयश पुष्कळसे भांड्यावर अवलंबून राहते.

खोली व निचरा : स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे वरच्या १५ सेंटिमीटरांत पसरतात. म्हणून एक वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर खोल भांडे पुरते. एका रोपास तितक्याच रुंदीची कुंडी द्यावी; लांबट भांड्यात दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. नारळाच्या करवंट्या किंवा चहाचे पेले दिसावयास सुबक, परंतु त्यांतील माती दुपारपर्यंत सुकते.

उथळ भांड्यात निचराही नीट होत नाही. हे मुलांस पुढील प्रयोगाने दाखवावे. जाड स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकणे थांबले की तो उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. केवळ उंची वाढली. मातीचेही तसेच आहे. भांड्याच्या तळाशी मातीचा एक थर नेहमीच पाण्याने भरलेला राहतो. भांडे उथळ असल्यास मुळे त्या थरातच सापडतात व कुजतात. तळाशी खडीचा जाड थर देण्याची रीत याच कारणाने उपयोगाची नाही; त्यामुळे ओला थर नाहीसा न होता वर सरकतो. तळास बोटभर रुंदीची चार-पाच छिद्रे पाडून प्रत्येकावर एकेक खापर ठेवणे पुरेसे आहे.

भांड्याचा प्रकार : मातीची कुंडी माठाप्रमाणे पाझरते, म्हणून तिच्यातील मुळे थंड राहतात. आपल्या हवेस ती उत्तम. मात्र तिला पाणी वारंवार द्यावे लागते. नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून मगच भरावी. प्लॅस्टिकच्या बादलीत वा घमेल्यात ओल अधिक टिकते. परंतु काळा रंग उन्हात तापतो, म्हणून फिकट रंगाचे घ्यावे. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा सहज मिळतो, तथापि तो फार तापतो व गंजतो. त्यास बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे व तो विटांवर ठेवावा.

दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असते आणि रोपे तर नुकतीच लावलेली असतात. म्हणून शाळेत वीस लहान कुंड्यांऐवजी चार-पाच मोठी भांडी ठेवणे हिताचे. माती अधिक तितकी ओल अधिक काळ टिकते.

कोणते भांडे वापरू नये : ऊस व कांद्याच्या या पट्ट्यात कीटकनाशकांचे व तणनाशकांचे रिकामे डबे जागोजागी पडलेले दिसतात. ते कितीही धुतले तरी त्यांत रोप लावू नये. हे फळ मुले तोडून तसेच तोंडात टाकतात, हे विसरून चालणार नाही. रंगाचे डबे, बॅटरीची खोकी व यंत्रतेलाचे पिंपही वर्ज्य समजावे. मुलांनी घरून आणलेले प्रत्येक भांडे पूर्वी कशासाठी वापरले होते, हे शिक्षकांनी स्वतः विचारून घ्यावे. खात्री नसेल तर ते परत करावे.

माती व पाणी : दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. रोपाचा गड्डा मातीत गाडू नये. तो पृष्ठभागाशी समपातळीत असावा. स्ट्रॉबेरीस खारे पाणी मुळीच सोसत नाही. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेस पांढरा थर धरू लागल्यास गोडे पाणी वापरावे, व अधूनमधून ते छिद्रांतून वाहून जाईपर्यंत घालावे. सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा निवडावी. मार्चनंतर ऊन वाढले की रोपे थकतात. तो हंगामाचा शेवट समजावा.

एकाच प्रकारची रोपे मातीच्या कुंडीत व पत्र्याच्या डब्यात लावून दुपारी दोन वाजता दोन्हींच्या मातीचे तापमान मुलांकडून नोंदवून घ्यावे. फळे थोडी आली तरी उष्णता व बाष्पीभवन यांचा पाठ पक्का होईल, आणि घरी कोणतेही रोप लावताना भांडे पारखून घेण्याची सवय मुलांस लागेल.