घर नेमकं कोणाच्या नावावर आहे?

चौबे कॉलोनीत सध्या भाव काय चाललाय, असं कोणी फोनवर विचारलं की मी आधी गल्ली विचारतो. दुकानांच्या रस्त्यावरचा प्लॉट आणि त्याच्या मागच्या गल्लीतला प्लॉट यांत चालत दोन मिनिटांचं अंतर, पण गिऱ्हाईक वेगळं आणि म्हणून भावही वेगळा. पुढच्या रस्त्यावर दवाखाना, कोचिंग किंवा बुटीक काढणारा येतो. त्याला फ्रंट किती फूट आहे आणि गाड्या कुठे लागतील एवढंच हवं असतं. मागच्या गल्लीत येतो तो राहायला येतो. बोअरला पाणी मे महिन्यात टिकतं का, शेजारी कोण, आईला सकाळी फिरायला बाग आहे का, हे त्याचे प्रश्न. अनुपम गार्डन जवळ आहे म्हटलं की त्याच्या आईचा चेहरा खुलतो, आणि निम्मा सौदा तिथेच होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं ठिकाण सांगतो. मुंबई-कोलकाता रस्त्याचा रायपूर शहरातून जाणारा भाग म्हणजे आमचा जी. ई. रोड. या रस्त्यावर एनआयटी, सायन्स कॉलेज, आयुर्वेद महाविद्यालय आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, आणि पुढे टाटीबंधला एम्स. या सगळ्यांपासून जवळ, समता कॉलोनी आणि रामकुंड यांच्या शेजारी आमची चौबे कॉलोनी. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि जिल्ह्याचं गाव असलेलं रायपूर राजधानी बनलं. तेव्हापासून शहर मोवा, कचना, व्हीआयपी रोड असं बाहेर पसरत गेलं. मंत्रालय तर 2012 साली नव्या रायपुरात गेलं. चौबे कॉलोनीला मात्र पसरायला जागाच नाही. इथे नवीन माणसाला घर मिळायचं तर जुन्या माणसाने विकलं पाहिजे, आणि या भागाच्या बाजाराचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे.

जुना माणूस म्हणजे बरेचदा आपला मराठी माणूस. रायपुरात मराठी काही काल-परवा आलेली नाही. 1741 नंतर छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे आलं, पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. 1956 पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे सरकारी नोकरी, वकिली, शाळामास्तरकी यांतून विदर्भातली कुटुंबं इकडे येत राहिली. ती आधी तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत राहिली. माझ्या वडिलांनीही तात्यापाऱ्यातली भाड्याची खोली सोडून इथे प्लॉट घेतला. 1935 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलोनीतच आहे. गणपतीला आणि हळदीकुंकवाला तिथे जी मंडळी भेटतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची मुलं आज पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर न्यू जर्सीत आहेत. घरात दोघं म्हातारी, पुढे अंगण, तुळशीवृंदावन, मागे आंब्याचं झाड, आणि वरचा मजला बंद. अशी घरं आता बाजारात येत आहेत.

या घरांचा भाव सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. काकू मला मोझॅकची फरशी दाखवतात, सागवानी दारं दाखवतात, काकांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलेला स्लॅब दाखवतात. घेणारा यातलं काहीच मोजत नाही. चाळीस-पन्नास वर्षं जुनं बांधकाम त्याच्या हिशेबात पाडायचंच असतं. तो मोजतो जमीन, रस्त्याची रुंदी आणि कोपरा. हे काकूंना सांगताना जीभ जड होते. तरीही मी पहिल्याच भेटीत सांगतो, कारण फुगवून सांगितलेला भाव वर्षभर घराला गिऱ्हाईक येऊ देत नाही आणि शेवटी त्याहून कमी किमतीत हात झटकावे लागतात. सागवानी दारं-खिडक्या सौद्यातून वेगळ्या काढून विकता येतात किंवा मुलीच्या घरी नेता येतात, हेही सांगतो. बऱ्याच जणांना ते माहीत नसतं.

भाव जमला तरी खरी अडचण पुढे असते. मी पहिल्या दिवशी चहा घेण्याआधी विचारतो, ‘काका, घर नेमकं कोणाच्या नावावर आहे?’ उत्तर बहुतेकदा येतं, ‘आमच्याच.’ कागद काढले की नाव आजोबांचं निघतं.

एका घराची गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, आणि अशी घरं कॉलोनीत बरीच आहेत. आजोबांनी प्लॉट घेतला, घर बांधलं, मृत्युपत्र न करता गेले. नोंद कोणी बदलली नाही. पुढे मुलगा गेला, तेव्हाही नाही. आता नातू पुण्याहून येऊन म्हणतो, आईला माझ्याकडे नेतोय, घर काढून टाका. पण हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांना सारख्या वाट्याने जाते. म्हणजे या घरात भिलाईच्या आत्याचा वाटा आहे आणि जबलपूरच्या आत्याचाही. जबलपूरच्या आत्या वारल्या, त्यांचा वाटा त्यांच्या यजमानांचा आणि मुलांचा. ज्या भाच्यांनी हे घर लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत पाहिलं, त्यांच्या सह्या आता लागणार. ‘आत्यांना लग्नात सगळं दिलं होतं’ हे वाक्य मी प्रत्येक अशा घरात ऐकतो. कायद्याला ते वाक्य माहीत नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. 2005 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा प्रकरणातला 2020 चा निकाल यांनी तो प्रश्न मिटवला आहे. आणि खरं सांगू का, तो मिटला याचा मला आनंद आहे. आईचं दुखणं शेवटपर्यंत काढणाऱ्या मुलीला सही करण्यापुरतं बोलावलेलं मी पाहिलं आहे.

त्या घरात दोन्हीकडची माणसं समंजस निघाली. भिलाईच्या आत्या म्हणाल्या, मला पैसा नको, पण मला विचारा तरी. त्यांनी रीतसर हक्कसोडपत्र करून दिलं. छत्तीसगडात कुटुंबातल्या दानपत्राला, हक्कत्यागाला आणि वाटणीला नोंदणी शुल्क आता 500 रुपये आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरलेली नाही. भाचा परदेशात होता, त्याने तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवलं. या सगळ्यात आधीचं गिऱ्हाईक मात्र निघून गेलं. त्याला मुलाच्या शाळेआधी घरात यायचं होतं.

मुखत्यारपत्रावरून आठवलं. काही जुन्या सौद्यांत रजिस्ट्री झालीच नाही, फक्त मुखत्यारपत्र आणि पैसे दिल्याची पावती. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशा कागदांनी मालकी जात नाही. असं घर समोर आलं तर मी मूळ मालकाचे वारस शोधायला लावतो, नाहीतर हात लावत नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना इथल्या कागदांची नावं नवी वाटतात. सातबाऱ्याच्या जागी इथे खसरा आणि बी-1, ते ‘भुइयां’ या सरकारी पोर्टलवर पाहता येतात. गुंठ्याच्या जागी डिसमिल. एकराचे शंभर डिसमिल, म्हणून एक डिसमिल म्हणजे सुमारे 435 चौरस फूट, आणि अडीच डिसमिलांचा एक गुंठा. रेडी रेकनरला इथे गाइडलाइन दर म्हणतात. शहरातल्या जुन्या वस्तीत जमीन नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची आहे का, हे आधी पाहावं लागतं. पट्ट्याची मुदत आणि अटी न वाचता इसार देऊ नये. 2025 पासून खरेदीखताबरोबरच नामांतर आपोआप होण्याची सोय इथे झाली आहे. त्यापूर्वी खरेदी करून तहसीलचे हेलपाटे टाळलेल्यांची नावं मात्र अजून अडकलेलीच आहेत.

गाइडलाइनचा बाजारावर मोठा परिणाम होतो. 2019 मध्ये सरकारने हे दर सरसकट 30 टक्क्यांनी उतरवले, 2024 च्या एप्रिलमध्ये ती सवलत गेली. दर बदलायचे म्हटले की त्याआधी नोंदणी कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या धंद्याचं वर्षच वेगळं. मार्चअखेर धावपळ, अक्तीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला इसाराची गर्दी, पितृपक्षात सामसूम. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत हिंदीभाषक मंडळी खरमास पाळतात, मराठी गिऱ्हाईक तेव्हाही सौदा करतं. त्या महिन्यात घासाघीस करायला घेणाऱ्याला जास्त वाव असतो.

घर पाहायला मात्र मी पावसाळ्यात बोलावतो. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात सगळ्याच गल्ल्या कोरड्या. जुलै-ऑगस्टच्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. रायपूर हे तलावांचं गाव. तलावाकडच्या उताराच्या भागात पाणी किती वेळ थांबतं, नाली कुठे तुंबते, भिंतीला ओल कुठवर चढते, हे तेव्हाच दिसतं. बोअरचं पाणीही उकळून पाहा. इथे खाली चुनखडक आहे, पाणी जड असतं.

आता घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. जुनं घर पाडून तिथे चार-सहा फ्लॅट बांधले जातात. लोक समजतात, रेरा आहे, काळजी नाही. रेराचा कायदा 2016 चा, आणि चांगला कायदा आहे. बिल्डरला नोंदवलेल्या कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, बांधकामातल्या मूळ दोषाला तो पाच वर्षं जबाबदार असतो. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प रेरात नोंदवायची सक्तीच नाही. चाळीस बाय साठचा, म्हणजे 2400 चौरस फुटांचा जुना प्लॉट भरतो जेमतेम 223 चौरस मीटर. म्हणजे जुन्या कॉलोनीतले असे बहुतेक फ्लॅट या नोंदणीच्या बाहेर राहतात. तिथे मंजूर नकाशा, जमिनीतला तुमचा हिस्सा, गच्चीचा हक्क आणि गाडीची जागा हे चारही खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी मिळालेली पार्किंगची जागा पुढच्या दिवाळीला दुसऱ्याची झालेली असते.

पैशाचंही स्वच्छ असावं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं 2015 पासून बंद आहे, घेतलं तर तेवढाच दंड. 50 लाख किंवा त्यावरच्या खरेदीत घेणाऱ्याने 1 टक्का आयकर कापून भरायचा असतो. विकणारा परदेशस्थ असेल तर नियम वेगळा आणि दर बराच जास्त, तिथे सीएला आधी विचारा. मी दोन्ही बाजूंकडून एक-एक टक्का दलाली घेतो आणि तिची पावती देतो. दलाल हा शब्द लोक खाली मान घालून उच्चारतात. मला त्याची लाज वाटत नाही. ज्या घरात मुलींची लग्नं लागली, बाळंतपणं झाली, ते घर योग्य हातात आणि निर्वेध कागदांसह देणं हे जबाबदारीचं काम आहे, आणि मी ते तसंच करतो.

म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्या काका-काकूंना विनंती आहे, मग घर रायपुरात असो, नागपुरात असो की सांगलीत. घर विकायचं नसलं तरी या आठवड्यात कपाट उघडा. खरेदीखत, मंजूर नकाशा, कराच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा आणि सरकारी नोंदीत नाव कोणाचं आहे ते पाहा. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात, पण नोंदवलंत तर उत्तम. ज्याला घर मिळणार त्याला साक्षीदार करू नका. काय लिहिलंय ते मुलांना आणि मुलींनाही एकत्र बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगा.