वाय-फाय आहे, पण नेट नाही

फोनवर वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात, तरी पैसे पाठवताना चक्र नुसते फिरत राहते. त्या रेघा एवढेच सांगतात की फोन राउटरला जोडलेला आहे. राउटर ते मोडेम आणि मोडेम ते कंपनी, या पुढच्या रस्त्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

अशा वेळी तेच पेमेंट लगेच पुन्हा करू नका. मोबाइल डेटा चालू करून आधी खाते तपासा. पैसे वजा झाले आणि समोरच्याला पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवी. दुकानदाराला दिलेली असेल तर पाच दिवसांत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

आता डब्यांकडे वळा. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून येणारा सिग्नलच तुटला आहे. हे काम कंपनीचे. राउटर बदलून उपयोग नाही, उगाच हजार-दोन हजार जातील. हा दिवा लाल नसेल, तर मोडेममधून निघणारी केबल राउटरच्या ‘वॅन’ खाचेतच आहे ना, ते पाहा. साफसफाईत ती शेजारच्या खाचेत जाते, हे फार वेळा घडते. शक्य असल्यास दुसरी केबल लावून पाहा. मग दोन्ही बंद करा, आधी मोडेम सुरू करा, दोन मिनिटांनी राउटर. मात्र टाचणीने दाबायचे ‘रिसेट’ बटण दाबू नका. त्याने राउटरमधले कंपनीचे युजरनेम-पासवर्ड पुसले जाऊ शकतात, आणि मग तंत्रज्ञाला बोलावणे आलेच.

कंपनीला फोन करताना नंबर बिलावरून किंवा त्यांच्या ॲपमधून घ्या. गूगलवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्याचा असू शकतो, आणि आमच्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार नेहमीचा आहे. तो सांगतो, “दहा रुपये भरा, हे ॲप टाका.” त्या ॲपमधून त्याला तुमची स्क्रीन दिसते, ओटीपीसकट. नेट दुरुस्त करायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० वर आणि आपल्या बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते.