दोन लाकडांचं एक धनुष्य

१९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळच्या सॉलेंट सामुद्रधुनीत बुडालं. राजा किनाऱ्यावरून बघत होता. चारशेहून जास्त वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९८२ ला, जहाजाचा सांगाडा वर काढण्यात आला. गाळाने झाकलेल्या त्या जहाजातून १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण हाती लागले. ज्या इंग्लिश लाँगबोने १३४६ ला क्रेसीची आणि १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टची लढाई गाजवली, त्याचे जवळपास सगळे नमुने तोवर नाहीसे झाले होते. इतिहासकार जुन्या चित्रांवरून अंदाज बांधत होते. आता पेट्यांत रचून ठेवलेली खरीखुरी धनुष्यं समोर आली, साधारण १.८७ ते २.११ मीटर लांबीची. माणसापेक्षा उंच, मधे जाड आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी.

ही सगळी यू या झाडाच्या लाकडाची आहेत. देवदार-पाइनसारखं सूचिपर्णी, पण अतिशय संथ वाढणारं हे झाड. त्याच्या सालीलगतचं लाकूड फिकट पिवळसर असतं आणि आतला गाभा तांबूस. धनुष्य वाकतं तेव्हा लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. यूचं फिकट लाकूड ताण सोसतं, तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून कारागीर फळी अशी काढतो की पाठीला फिकट थराची पातळ पट्टी येईल आणि बाकी सगळा गाभा पोटाकडे राहील. दोन वेगळ्या गुणांची लाकडं झाडानेच एकमेकांना जोडून दिलेली असतात. आपल्याकडे भिल्लांचा तीरकामठा बांबूचा असतो. बांबूतही बाहेरच्या सालीकडचे धागे सर्वांत दाट असतात आणि आत जावं तसे ते विरळ होत जातात.

ओंडका करवतीने कापायचा नाही, पाचर ठोकून फाडायचा. फाडलं की लाकूड आपल्या धाग्याच्या वाटेने उकलतं. करवत मात्र धागा तोडत जाते, आणि तुटलेला धागा हीच धनुष्य मोडण्याची जागा. मग ते सावलीत सावकाश वाळवायचं. पाठीचं काम सगळ्यांत जिकिरीचं. फिकट थर जाड असेल तर तो पातळ करावा लागतो, पण शक्यतो वाढीच्या एकाच वलयावर राहून, टोकापासून टोकापर्यंत. वलय वर चढलं की चढायचं, खाली गेलं की उतरायचं. गाठ आली तर ती सपाट करायची नाही. तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवायचं, मग तिथे उंचवटा राहिला तरी चालेल. मेरी रोजच्या धनुष्यांवर हे जागोजाग दिसतं. यंत्राला हे जमणं अवघड आहे, कारण प्रत्येक फळीची रेषा वेगळी.

खरी परीक्षा पुढे. धनुष्य ढोबळ घडलं की टोकांना खाचा पाडून सैलसर लांब दोरी लावतात, मूठ भिंतीवरच्या आधारात बसवतात आणि दोरी थोडीशी खाली ओढतात. मग मागे सरकून नुसतं बघायचं. दोन्ही बाहू सारख्या कमानीत वाकताहेत का? एखादा भाग ताठ राहतोय का? एखादी जागा बिजागरीसारखी मोडतेय का? जिथे जास्त वाकतं तिथे हातही लावायचा नाही; ताठ भागाच्या पोटावरून कानस किंवा पात्याने अगदी थोडं खरवडायचं, दोरी पुन:पुन्हा ओढून लाकडाला नव्या आकाराची सवय करायची आणि परत बघायचं. यूची धूळ विषारी, म्हणून तोंडावर मास्क. वाकवून बघत खरवडण्याच्या या कामाला इंग्रजीत टिलरिंग म्हणतात. इथे काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून सगळं कसब कुठे थांबायचं यात आहे. पोटावर केसासारखी आडवी सुरकुती उमटली तर समजायचं की दाबाखाली लाकडाचे धागे चुरले. तशा धनुष्यावर विश्वास ठेवत नाहीत.

हे सगळं कारागिरांना वेगाने करावं लागे, कारण राज्याला धनुष्यं हजारांनी लागत. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणासुदीच्या दिवशी तिरंदाजीचा सराव करण्याचं फर्मान काढलं. मेरी रोजवर सापडलेल्या काही माणसांच्या सांगाड्यांत खांद्याचं एक हाड नीट सांधलेलं नाही. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याने तसं झालं असावं, असं अभ्यासक मानतात. त्या धनुष्यांची ओढ शंभर पाउंडांच्या पुढे होती, असा अंदाज आहे.

मला अस्वस्थ करतं ते मात्र लाकडाचं. चांगलं यू इंग्लंडमध्ये पुरेसं मिळेना. उंचावरच्या थंडीत संथ वाढलेल्या झाडाची वलयं बारीक आणि दाट असतात, ते झाड आल्प्समध्ये. म्हणून १४७२ च्या कायद्याने इंग्लंडच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्यासाठीच्या चार फळ्या आणण्याची सक्ती केली. व्यापाऱ्यांनी डोंगर पोखरले. दीडशे-दोनशे वर्षं वाढलेलं झाड पडलं की त्या जागी दुसरं उभं राहायला पिढ्या जातात. सोळाव्या शतकात बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी तोड थांबवण्यासाठी पवित्र रोमन सम्राटाकडे विनवण्या केल्या. तोवर मध्य युरोपातलं मोठं यू बऱ्याच ठिकाणी संपत आलं होतं. कारागिरांचं कसब निर्विवाद, पण ते ज्या झाडावर उभं होतं त्याची काळजी वेळेवर घेतली गेली नाही, आणि हा दोष त्या काळाच्या डोक्यावर ठेवून मोकळं होता येत नाही.

पुढे तोफा-बंदुकांनी युद्ध बदललं. १५९५ च्या सुमारास इंग्लंडने सैन्यातून धनुष्य काढलं, पण खेळासाठी ते टिकलं. एकोणिसाव्या शतकातले कारागीर यूखेरीज दुसरा मार्गही वापरू लागले: पाठीला हिकरी या लाकडाची पातळ पट्टी सरसाने चिकटवायची आणि पोटाला वेगळं, दाब सोसणारं कठीण लाकूड घ्यायचं. आजही हाताने धनुष्य करणारे बरेच जण तसंच जोडतात.