कार्ल (नाव)

कार्ल हे जर्मेनिक मूळ असलेले पुरुषांचे व्यक्तिनाम आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्कँडिनेव्हियात ते विशेष प्रचलित आहे. कारोलुस हे त्याचे लॅटिन रूप. फ्रेंचमधील शार्ल, इंग्रजीतील चार्ल्स, स्पॅनिशमधील कार्लोस आणि इटालियनमधील कार्लो ही त्याचीच रूपे होत. शार्लट, कॅरोलाइन ही स्त्रीनामेही त्यावरूनच आली.

मूळ शब्दाचा अर्थ 'पुरुष', त्यातही गुलाम नसलेला सामान्य माणूस, असा होता. 'रिग्स्थुला' या प्राचीन नॉर्स काव्यात समाजाचे तीन स्तर सांगितले आहेत: थ्राल म्हणजे गुलाम, कार्ल म्हणजे स्वतंत्र शेतकरी आणि यार्ल म्हणजे सरदार. शब्दाचा धातू 'वयाने वाढणे, पिकणे' या अर्थाचा मानला जातो. संस्कृतातील 'जरा' व 'जरठ' हे शब्द त्याच धातूपासून आलेले असल्याने मराठी वाचकाला हे नाव वाटते तितके परके नाही.

अशा साध्या नावाला प्रतिष्ठा मिळाली ती फ्रँक राजघराण्यामुळे. इ.स. ७३२ मध्ये तूरची लढाई जिंकणाऱ्या कार्ल मार्टेलचा नातू कार्ल (शार्लमेन) याला २५ डिसेंबर ८०० रोजी रोममध्ये पोप तिसरा लिओ याने सम्राटपदाचा मुकुट घातला. त्याच्या साम्राज्याच्या पूर्वेकडील स्लाव्ह लोकांनी त्याच्या नावालाच 'राजा' हा अर्थ दिला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. चेक 'क्राल', पोलिश 'क्रुल' व रशियन 'करोल' हे शब्द त्यातूनच आले. हंगेरियन 'किराय' हा स्लाव्ह भाषांतून घेतलेला आहे. सीझर या नावापासून 'कैसर' झाला, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे राजाला मिळालेला शब्द मुळात शेतकऱ्याचा होता.

इंग्लंडमध्ये नेमके उलट घडले. जुन्या इंग्रजीत 'चेऑर्ल' म्हणजे स्वतंत्र शेतकरी. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्या वर्गाची अवनती झाली आणि 'चर्ल' हा शब्द 'गावंढळ, उद्धट' या अर्थाने उरला. त्याच कुळातील 'चार्ल्स' मात्र फ्रेंचमार्गे येऊन राजांचे नाव ठरले.

स्वीडनमधील या नावाच्या राजांचे क्रमांक जपून वाचावे लागतात. सतराव्या शतकाच्या आरंभी एका राजाने योहानेस माग्नुस याच्या कल्पित इतिहासावर विसंबून स्वतःला 'नववा कार्ल' म्हणवले. पहिले सहा कार्ल प्रत्यक्षात झालेच नव्हते. १९७३ पासून गादीवर असलेले सोळावे कार्ल गुस्ताफ हे त्यामुळे खरे पाहता दहावे आहेत.