काशीवास आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण

उतारवयात काशीस जाऊन राहावे आणि तेथेच देह ठेवावा, यास आपल्याकडे काशीवास म्हणतात. वाराणसीच्या ब्रह्मघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. त्यामुळे हा शब्द मराठी घरांना परका नाही. याच शहरात १९५८ साली काशी लाभ मुक्ती भवन सुरू झाले. मृत्यू समीप आलेल्या माणसाला नातेवाईक तेथे घेऊन येतात. मुक्कामाची मुदत साधारणपणे पंधरा दिवसांची. या वास्तूत औषधोपचार नसतात. भजन, तुळस, गंगाजल आणि उशाशी बसलेली घरची माणसे असतात.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मात्र पंधरा दिवसांचा हिशेब लागू पडत नाही. स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशी निकामी करणाऱ्या आजारांमुळे तो जडतो. अल्झायमर हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा आजार. अखेरच्या अवस्थेत रुग्ण बोलत नाही, पोटच्या मुलांना ओळखत नाही, त्याला कूसही बदलता येत नाही. ही अवस्था कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक टिकते. आजार बरा होत नाही, हे खरे. पण म्हणून करण्यासारखे काही उरले नाही, हा समज साफ चुकीचा आहे.

दुखणे कमी करून उरलेले दिवस सुसह्य करणाऱ्या सेवेस उपशामक शुश्रूषा म्हणतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन याच विचाराचे. ते कर्करुग्णांसाठी आहे. कर्करुग्ण कोठे दुखते ते सांगू शकतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे दुखणे आपणच ओळखावे लागते. कपाळावरील आठ्या, कण्हणे, अंग पुसताना हात झिडकारणे हीच त्याची भाषा. ‘आजोबा फार चिडचिडे झाले’ असे म्हणून झोपेचे औषध मागण्यापूर्वी किडलेला दात, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा पाठीवरील जखम नाही ना, हे पाहावे.

सर्वांत कठीण प्रश्न अन्नाचा. ‘आईला उपाशी कसे ठेवायचे?’ या भावनेपोटी पुष्कळदा नाकातून नळी घातली जाते. वास्तविक या अवस्थेत नळीमुळे आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे संशोधनात आढळलेले नाही. रुग्ण नळी उपसतो, मग त्याचे हात बांधले जातात. त्यापेक्षा त्याला टेकवून बसवावे आणि मऊ अन्नाचे लहान घास, घेईल तेवढेच, सावकाश भरवावे.

हा निर्णय रुग्णाने स्वतः आधीच सांगून ठेवला असेल, तर मुलांवरचे ओझे हलके होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. मात्र ते बुद्धी शाबूत असतानाच करता येते. म्हणून आजाराची पहिली लक्षणे दिसताच घरात हा विषय काढणे इष्ट.

शेवटच्या दिवसांत गिळणे थांबते. त्या वेळी तोंडात पळीभर गंगाजल ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन रुग्ण गुदमरू शकतो. ओल्या कापसाने ओठ भिजवावेत. तेवढे थेंब पुरतात.