बत्तीस गावांचे गोत कुठे बसे?

मागच्या लेखात आपण वीरगळ पाहिले. आज अशा जागांकडे वळू, जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे जमली, भांडली, निवाडा घेऊन उठली आणि मागे खूण म्हणावी असे फारसे काही राहिले नाही.

भोवतीच्या बत्तीस गावांचे मुख्य ठिकाण म्हणून आपले बत्तीस शिराळा, असे परंपरा सांगते. आकड्याने मुलूख ओळखण्याची चाल दख्खनात जुनीच. मध्ययुगीन कोरीव लेखांत कऱ्हाडचा प्रदेश ‘करहाट ४०००’, तर मिरजेचा ‘मिरिंज ३०००’ असा येतो. दहाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही ‘हंड्रेड’ नावाचे विभाग होते. त्यांची सभा दर चार आठवड्यांनी भरे, आणि तीही उघड्यावर: टेकाडाशी, ठळक झाडाखाली, नदीच्या उताराजवळ. लोक येत, दिवसभर बसत, घरी जात. चुली नाहीत, भिंती नाहीत, मग खणून हाती काय लागणार? म्हणून तिथले पुरातत्त्वज्ञ आधी जुन्या हद्दी, वाटा आणि स्थळनामे नकाशावर एकत्र मांडतात. मिल्टन कीन्स शहरातला सेक्लोचा उंचवटा १९७०च्या दशकात खणला, तेव्हा त्यात दफन निघाले नाही. तो सभेसाठीच रचलेला असावा, असे मानले जाते. केंटमधल्या सॉल्टवुडला मात्र प्रागैतिहासिक थडग्यांच्या आसपास अँग्लो-सॅक्सन दफने आढळली, आणि त्याच परिसरात पुढे हंड्रेडची सभा भरत राहिली. पूर्वजांच्या साक्षीने बोलावे, ही ओढ मला फार ओळखीची वाटते.

आपल्याकडे कागद भरपूर आहेत, जागांचा अभ्यास तोकडा. शिवकालीन आणि पेशवेकालीन गोतसभेत, म्हणजे मुलखाच्या न्यायसभेत, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन यांच्याबरोबर बलुतेदारही बसत. वतनाचा किंवा शिवेचा तंटा मिटला की महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे येत, आणि लिहिता न येणाऱ्याची निशाणी: कुणब्याचा नांगर, तशीच इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारे. एवढी जिवंत हजेरी जगात फार थोड्या ठिकाणी उरली असेल. साक्षीदाराला कधी देवळात, कधी कृष्णेच्या पात्रात उभे करून खरे बोलायला लावत. म्हणजे जागा निवाड्याचाच भाग होती. १९४०च्या दशकात शिराळा तेव्हा ज्यात होता त्या जुन्या सातारा जिल्ह्यात ब्रिटिशविरोधी प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, तेव्हा चारचौघांसमोर निवाडा करण्याची ही सवय लोकांच्या अंगात होतीच.

महजर वाचणारे अभ्यासक आहेत. त्यातली स्थळे शिवारात जाऊन शोधणारे हवेत. शिराळा तालुक्यातल्या वाचकांना विनंती आहे. गावचा जुना पार, चावडीची मूळ जागा, शिवेवरचा दगड, दोन-तीन गावांच्या वाटा मिळतात तिथला माळ, यांची स्थाननोंद घ्या, फोटो काढा, म्हाताऱ्यांकडून नावे लिहून घ्या. रस्ता रुंद होताना असा एखादा दगड हलवला जात असेल तर आधी राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.