टिकाऊ स्मृती आणि बाजाराचा हिशेब

वीज खंडित झाली की संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीतील मजकूर नाहीसा होतो. विजेवाचूनही मजकूर राखणारी फ्लॅश स्मृती पुनःपुन्हा लिहिण्याने झिजते; काही हजार, फार तर लाखभर वेळा लिहिले की ती निकामी होऊ लागते. या दोन्ही दोषांवरचा एक उपाय १९५२ सालीच सुचविला गेला होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या डडली बक यांनी आपल्या प्रबंधात लोहविद्युत्, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक, पदार्थांत माहिती साठविण्याची कल्पना मांडली. (नावात लोह आहे, पण या पदार्थांत लोखंड असलेच पाहिजे असे नाही.) विद्युत्‌दाब दिला की यांच्या स्फटिकातील अणू किंचित सरकतात व दाब काढून घेतला तरी तेथेच राहतात. एका बाजूस सरकले तर शून्य, दुसऱ्या बाजूस सरकले तर एक.

मग ही स्मृती घरोघरी का पोहोचली नाही? शिसे, झिर्कोनियम व टिटॅनियम यांच्या संयुगापासून बनलेली चिप अब्जावधी वेळा लिहिली तरी टिकते. वाचताना साठवलेली खूण पुसली जाते व ती पुन्हा लिहावी लागते, म्हणून एवढा टिकाऊपणा तिला आवश्यकही आहे. परंतु या संयुगाचा थर फार पातळ केला की त्याचा गुण मंदावतो. साहजिकच थोड्या जागेत फार माहिती मावत नाही, आणि ग्राहक तर माहितीच्या प्रत्येक कणाची किंमत पाहतो. परिणामी ही स्मृती वीजमीटर, वैद्यकीय उपकरणे अशा कोपऱ्यांतच राहिली.

२००७च्या सुमारास जर्मनीतील ड्रेस्डेन येथे क्विमोंडा कंपनीच्या संशोधकांना हाफ्नियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातही हाच गुण आढळला. चिप-कारखान्यांना हा पदार्थ परका नव्हता. शोध मोलाचा; पण स्मृती-चिपांचे भाव कोसळून २००९च्या जानेवारीत कंपनीच दिवाळखोरीत गेली. शोधाचा निबंध प्रसिद्ध झाला तो २०११ साली. दहा-वीस वर्षांनी फळ देणारे संशोधन तिमाही ताळेबंदावर जगणाऱ्या कंपनीच्या भरवशावर सोडणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राने तरी टाळू नये. विद्यापीठे व सरकारी अनुदानावरील प्रयोगशाळा यांनी हे काम पुढे नेले नसते, तर तो गुण एखाद्या वहीतच राहता.

नवा पदार्थही निर्दोष नाही. वारंवार दिशा पालटल्याने तोही थकतो, आणि या बाबतीत जुन्या शिशाच्या संयुगाची बरोबरी त्याला सहज साधत नाही. तरीही मायक्रॉन कंपनीने २०२३च्या डिसेंबरात याच पदार्थावर आधारलेली ३२ गिगाबिटची प्रायोगिक चिप सादर केली.